सागरी उष्णतेच्या लाटा आणि मत्स्यव्यवसायाची प्रतिमाने

समुद्राच्या एखाद्या भागातील पाणी त्या ऋतूतील नेहमीच्या तापमानापेक्षा सलग काही दिवस बरेच अधिक उष्ण राहिल्यास त्या स्थितीस सागरी उष्णतेची लाट म्हणतात. ॲलिस्टर हॉब्डे व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील व्याख्येनुसार, शक्यतो ३० वर्षांच्या नोंदींतील त्या दिवसांच्या ९० टक्के तापमानांहून अधिक तापमान किमान ५ दिवस टिकले पाहिजे. अशा लाटांचा मत्स्यसाठ्यांवर होणारा परिणाम गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने अभ्यासला जातो.

पॅसिफिक कॉडचे उदाहरण

२०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य प्रशांत महासागरात ‘ब्लॉब’ या नावाने ओळखली जाणारी लाट आली. उष्ण पाण्यात माशांच्या चयापचयाचा वेग वाढून त्यांना अधिक अन्न लागते. मात्र त्याच काळात अन्नाची उपलब्धता घटली. अलास्काच्या आखातातील ट्रॉल सर्वेक्षण दर दोन वर्षांनी होत असल्याने कॉडच्या साठ्यातील सुमारे ७० टक्के घट २०१७ मध्येच उघड झाली. त्यानंतर २०१८ साठीचा मासेमारीचा कोटा सुमारे ८० टक्क्यांनी कमी करण्यात आला आणि २०२० मध्ये तेथील संघीय जलक्षेत्रातील कॉडची मासेमारी बंद ठेवण्यात आली. दोन सर्वेक्षणांमधील असे बदल वेळीच ओळखणे हा प्रतिमानांचा एक प्रमुख उपयोग मानला जातो.

रचना

या प्रतिमानांत सामान्यतः तीन दुवे असतात. पहिल्यात पाण्याचे तापमान, प्राणवायू व प्लवकांचे प्रमाण काढले जाते. दुसऱ्यात त्यावरून माशांची वाढ, प्रजनन, मृत्यू व स्थलांतर यांचा अंदाज घेतला जातो. तिसऱ्यात संभाव्य मासेमारी व उत्पन्न यांचे गणित मांडले जाते. विल्यम च्युंग व थॉमस फ्रोलिशर यांनी २०२० मध्ये ईशान्य प्रशांत महासागरासाठी अशा पद्धतीने अभ्यास केला. दशकांच्या सरासरी तापमानवाढीच्या तुलनेत लाटांमुळे होणारी माशांच्या जैवभारातील घट व त्यांच्या वसतिक्षेत्रांतील बदल किमान चौपट वेगाने व प्रमाणात होतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे केवळ सरासरीवर आधारलेले अंदाज अपुरे पडू शकतात.

मर्यादा

सर्वच लाटांचे परिणाम सारखे नसतात. उत्तर अमेरिका व युरोपालगतच्या समुद्रांतील २४८ लाटांच्या २०२३ मधील अभ्यासात तळाशी राहणाऱ्या माशांच्या जैवभारात सर्वत्र आढळणारी घट दिसली नाही. काही ठिकाणी तो वाढला, तर काही ठिकाणी घटला. म्हणून एका जातीसाठी किंवा प्रदेशासाठी तयार केलेले प्रतिमान दुसरीकडे वापरण्यापूर्वी स्थानिक नोंदींशी पडताळणे आवश्यक असते.