अलीगढचा विद्यार्थिसंघ

‘मुसलमान विद्यार्थ्यांचे म्हणणे काय?’ असा प्रश्न आपण सहज विचारतो; जणू त्या सर्वांचे म्हणणे एकच असावे! अलीगढच्या विद्यार्थिसंघाचा इतिहास पाहिला की हा प्रश्नच चुकीचा आहे, असे आम्हांस वाटते.

सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात हा संघ 1884 साली निघाला. पहिले प्राचार्य सिडन्स यांच्या नावावरून त्याला ‘सिडन्स युनियन क्लब’ म्हणत. त्या वेळचे प्राचार्य थिओडोर बेक हे पूर्वी केंब्रिज युनियनचे अध्यक्ष होते, आणि नमुनाही तिथलाच होता. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने तो खोडून काढायचा, आणि शेवटी बहुमताचा कौल मानायचा. मुलांनी वक्ते व्हावे, पण काँग्रेसच्या राजकारणापासून दूर राहावे, अशी बेकसाहेबांची इच्छा. परंतु बोलायला शिकवायचे आणि काय बोलायचे तेही आपणच ठरवायचे, हे कुणाला साधले आहे? बेकसाहेबांच्या पश्चात, 1907 साली, याच कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप केला.

खरी कसोटी लागली ती ऑक्टोबर 1920 मध्ये. गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले व सरकारी अनुदानावर चालणारी संस्था सोडण्याचे आवाहन त्यांनी केले. विद्यार्थ्यांत सरळ दोन तट पडले. एकीकडे पदवी, नोकरी आणि वडीलधाऱ्यांची इच्छा, दुसरीकडे असहकार. ठरावाला हात वर करणे सोपे. येथे बाडबिस्तरा घेऊन बाहेर पडायचे होते! जे पडले त्यांच्या बळावर 29 ऑक्टोबर 1920 रोजी ‘जामिया मिलिया इस्लामिया’ उभी राहिली. त्यांत 23 वर्षांचे झाकिर हुसेन होते.

याच संघाने 1920 साली गांधीजींना आजीव सदस्यत्व दिले, आणि 1938 साली जिनांनाही. जिनांच्या तसबिरीवरून 2018 साली मोठे वादळ उठले. पण या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर एकाच सभागृहात पिढीगणिक मत कसे पालटत गेले ते दिसते.

अलीगढ सोडून गेलेले झाकिर हुसेन 1948 साली तिथलेच कुलगुरू होऊन परतले, आणि 1967 साली राष्ट्रपती झाले. तेव्हा निवडून आलेल्या विद्यार्थ्याला ‘तुमच्या समाजाचे मत काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘तुमचे मत काय, आणि त्यासाठी तुम्ही काय सोसायला तयार आहात?’ असे विचारावे. नेतृत्वाची परीक्षा त्या उत्तरात असते.