वसईचा किल्ला : तारखा आणि तह

- ठिकाण : पालघर जिल्हा, मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या मुखाशी.
- पोर्तुगीज अंमल : १५३४ ते १७३९. उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखाचे मुख्य ठाणे.
- वसईचे तह दोन. गल्लत होऊ नये. १५३४ : गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज. १८०२ : दुसरा बाजीराव आणि इंग्रज. दुसऱ्या तहाने पेशवे इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली आले. पुढच्याच वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले.
- मराठ्यांचा विजय : मे १७३९, सेनापती चिमाजी आप्पा. तटाखाली सुरुंग लावून बुरूज फोडले. विजयचिन्ह म्हणून चर्चच्या घंटा नेल्या. एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरले आहे.
- संत गोन्सालो गार्सिया : जन्म वसईचा. १५९७मध्ये नागासाकीत क्रूसावर हौतात्म्य, १८६२मध्ये संतपद.