पाण्यावरची पायवाट (भाग ६) : सहाशे वर्षांच्या कातळाकडे

कयाकमध्ये कसं बसायचं, वल्हं कसं धरायचं आणि होडी उलटली तर काय करायचं, हे आपण गेल्या दोन भागांत तळ्याच्या शांत पाण्यात पाहिलं. तळ्यात काही चुकलं तर काठ हाकेच्या अंतरावर असतो. आज तो काठ सोडायचा आहे.

ठिकाण आहे न्यूझीलंडमधलं ऑकलंड. शहरासमोर वाइटेमाटा बंदर, त्यापुढे हाउराकीचं आखात आणि बंदराच्या तोंडाशी २६० मीटर उंचीचं रांगिटोटो बेट. किनाऱ्यावरून कुठूनही पाहा, बेटाची आकृती जवळपास तीच दिसते : पालथी परात आणि तिच्या मध्यावर पालथी ठेवलेली छोटी वाटी. आकृती अशी का, हे बेटावर चढताना कळतं. पण त्याआधी सहाएक किलोमीटर वल्हवावं लागतं. गाइडबरोबरची ही सहल साधारण पाच-सहा तासांची. जायला सव्वा ते दीड तास, माथ्यापर्यंत चढउतार आणि परतीचा प्रवास. सहल अर्ध्या दिवसाची खरी, पण तो अर्धा कोणता हे घड्याळापेक्षा वारा ठरवतो.

सुरुवात शहराच्या पूर्वेकडच्या ओकाहू बेसारख्या एखाद्या छोट्या पुळणीवरून होते. नवख्यांना बहुधा दोघांची कयाक मिळते. ती लांब आणि स्थिर असते, शिवाय एक जण दमला तरी दुसरा होडी पुढे नेतो. ताल पुढच्याने धरायचा आणि मागच्याने तो पाळायचा, कारण पुढच्याला मागचा दिसत नाही. ताल चुकला की वल्ह्यावर वल्हं आपटतं आणि दोघांच्या अंगावर पाणी उडतं. सुकाणू मागच्याच्या पायांत असतं : डावं पेडल दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. जोर मात्र हातांचा लावायचा नाही. नुसत्या दंडांनी ओढणाऱ्याचे हात थोड्याच वेळात भरून येतात. पाय समोरच्या आधाराला रोवून, कमरेपासून धड वळवून वल्हं मारलं तर पाठीचे आणि पोटाचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि तास-दीड तास सहज निघतो.

निघण्याआधी गाइड एक गोष्ट प्रत्येकाकडून करून घेतो. कंबरेभोवती घट्ट बसवलेल्या पाणरोधक घेराला (त्याला स्प्रे-स्कर्ट म्हणतात) पुढच्या बाजूला एक पट्टी असते. होडी उलटली तर ती पट्टी पुढे ओढायची की घेर सुटतो आणि माणूस लाइफ जॅकेटच्या जोरावर वर येतो. ही पट्टी चुकून आत दुमडली गेली असेल तर ऐनवेळी हाताला लागत नाही, म्हणून गाइड प्रत्येक होडीजवळ जाऊन ती बाहेर आहे ना हे स्वतः पाहतो. कयाकच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे उलटलेली होडीही बुडत नाही. गाइड ती सरळ करून आपल्या होडीला लावून धरतो आणि पाण्यात पडलेली मंडळी पुन्हा चढून बसतात. त्याच्याजवळ बिनतारी संच असतो आणि दमलेल्यांची होडी ओढायला दोरही.

पुळण सुटली की पहिली खूण म्हणजे बीन रॉकचं दीपगृह. बुडत्या खडकावर खांब रोवून त्यावर बांधलेली लाकडी खोली, १८७१ सालची. इथून पुढे वाइहेके बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटींचा मार्ग आडवा येतो. फेरी निघून गेल्यावर काही वेळाने तिच्या लाटा येतात. अशा वेळी नवखा माणूस वल्हं वर उचलून बसतो आणि तिथेच तोल जातो. नाक लाटेकडे वळवायचं, कंबर सैल ठेवायची आणि वल्हवत राहायचं, कारण पाण्यातलं वल्हं तोल सांभाळतं. मोठी मालवाहू जहाजं बेटाच्या पश्चिमेकडच्या खोल मार्गाने बंदरात येतात. ती पटकन वळू शकत नाहीत की थांबू शकत नाहीत, म्हणून ५०० टनांवरच्या जहाजाच्या वाटेतून छोट्या होडीने बाजूला व्हायचं, हा इथला नियम आहे. सगळ्या कयाक एकमेकींच्या जवळ ठेवण्यामागचं कारणही हेच : पाण्यालगत बसलेला सुटा माणूस जहाजाच्या नियंत्रण कक्षातून दिसणं कठीण, घोळका तेवढा दिसतो.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण गाइडची खरी विद्या इथे आहे. ऑकलंडला नैर्ऋत्येचा वारा जास्त वाहतो आणि बेट किनाऱ्यापासून ईशान्येला आहे. म्हणजे जाताना वारा पाठीशी. होडी भराभर पुढे सरकते, गप्पा रंगतात, आपल्याला हे छान जमतंय असं वाटायला लागतं. तोच वारा परतताना तोंडावर येतो, तेही पायांनी डोंगर चढून उतरल्यावर.

भरती-ओहोटीचा हिशोब याच्याशी जोडलेला आहे. इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण २ ते ३ मीटरचा फरक पडतो. ओहोटीचं पाणी बंदरातून आखाताकडे जातं, भरतीचं आत येतं. म्हणून ओहोटीबरोबर जावं आणि भरतीबरोबर यावं, हे गणित कागदावर सोपं दिसतं. पण परतताना भरती आत येत असेल आणि नैर्ऋत्येचा वारा तिच्या विरुद्ध वाहत असेल तर पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे अशी ओढाताण होते. लाटा आखूड आणि उभ्या होतात. एक पार करेपर्यंत दुसरी पुढ्यात उभी. पाणी मदतीला असूनही होडी दर लाटेवर आपटते. म्हणून गाइड सकाळी फक्त आत्ताचा वारा पाहत नाही. चार तासांनंतरचा वारा आणि तेव्हाचं पाणी एकत्र मांडतो. तो हिशोब जमला नाही तर बेटाचा बेत सोडून सगळ्यांना किनाऱ्याच्या आडोशाने फिरवून आणतो. हिरमुसलेल्या पाहुण्यांना तो दिवस लख्ख सूर्यप्रकाशाचा दिसत असतो, हीच अडचण!

बेट जवळ आलं की दुरून गुळगुळीत दिसणारा उतार खडबडीत होत जातो. किनारा म्हणजे काळ्या दगडांचा खच. त्यांच्या कडा धारदार, वर कालवं चिकटलेली. कयाक कुठेही लावता येत नाही. धक्क्याजवळ उतरण्याजोगी जागा आहे तिथेच जायचं. होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवायची, कारण आपण माथ्यावर असताना पाणी वर येणार असतं. बुटांचे तळवे आणि सामानाच्या पिशव्या निघण्याआधीच झाडून तपासलेल्या असतात. बेट २०११ मध्ये उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त जाहीर झालं. उंदीर, मुंग्या किंवा परकं बी पुन्हा शिरू नये यासाठी ही झडती असते, आणि कयाकचे कप्पेही तिच्यातून सुटत नाहीत.

आता पायाखालचा दगड पाहा. हा बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच दगड. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा जेमतेम सहाशे वर्षांचा. आळंदीच्या ज्ञानोबांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा आज दिसतो तो डोंगर समुद्रात नव्हता. फरक पाहायचा तर एक दगड हातात घ्या. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे त्यात अडकतात आणि भोकं राहतात. दख्खनच्या दगडात झिरपणाऱ्या पाण्याने लाखो वर्षांत या भोकांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. जुन्नर-जळगावकडचे पांढरे-गुलाबी स्फटिक त्यातलेच. रांगिटोटोच्या दगडातली भोकं अजून रिकामी आहेत. त्यांत काही भरण्याइतका वेळच गेलेला नाही.

ऑकलंड शहर पन्नासहून अधिक ज्वालामुखींच्या क्षेत्रात वसलेलं आहे. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत तरुण हा. सुरुवातीला तप्त शिलारस उथळ समुद्राच्या पाण्याला भिडला. पाण्याची क्षणात वाफ झाली, स्फोट होत राहिले आणि राख शेजारच्या मोटुटापू बेटावर पसरली. पुढे मुखाभोवती भर पडून पाणी आत शिरायचं थांबलं, तेव्हा स्फोटही थांबले आणि पातळ लाव्हा शांतपणे चहूबाजूंना वाहू लागला. पातळ लाव्हा दूरवर पसरतो, म्हणून उतार हलका आणि सगळीकडे सारखा : साडेपाच किलोमीटर व्यासाची ती परात. शेवटी मध्यावर कारंज्यासारखे लाव्हाचे शिंतोडे उडाले. ते हवेतच थिजून सच्छिद्र खड्यांच्या रूपात मुखाभोवती पडले आणि त्यांची उभट रास झाली, ती वाटी. चढताना हा फरक पोटऱ्यांना आधी कळतो. बराच वेळ वाट सौम्य असते आणि माथ्याजवळ एकदम उभी होते.

वाटेत झाडी दाट होत जाते, पण माती दिसत नाही. पाऊस भरपूर पडतो, तरी एकही ओढा नाही, कारण पाणी फटींतून थेट खाली जातं. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, काळा दगड हात टेकववत नाही इतका तापतो. अशा जागी जंगल आलं कसं? आधी दगडफूल आणि शेवाळ. मग फटीत अडकलेल्या चिमूटभर कचऱ्यात पोहुटुकावाचं बी रुजतं. हे झाड आपल्या जांभळाच्या कुळातलं. डिसेंबरात लाल केसरांच्या फुलांनी बहरतं. त्याची सावली पडली की खालचा दगड थंड राहतो, पानं कुजून भर होते आणि मग सावलीला सरावलेली इतर झाडं येतात. वाटेच्या कडेला हा क्रम एका नजरेत दिसतो : उघड्या काळ्या दगडांच्या पसाऱ्यात एक एकटं झाड, त्यापुढे चार झाडांचं हिरवं ठिगळ, त्यापुढे ठिगळं जुळून झालेलं रान. जगातलं पोहुटुकावाचं सर्वांत मोठं वन आज इथे आहे, आणि बेटावर दोनशेहून अधिक जातींची स्थानिक झाडं आणि फुलझाडं आहेत. किनाऱ्यालगत तर तिवरं चिखलाशिवाय, लाव्हाच्या फटींत उभी आहेत. ओल्या जंगलात राहणारं मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांचं एक नेचंही इथे दगडावर वाढतं. कोरड्यात चुरमडून पडतं आणि पाऊस झाला की पुन्हा उलगडतं.

माथ्यावर सुमारे ६० मीटर खोल विवर आहे, आता झाडांनी भरलेलं. तिथून पूर्वेला मोटुटापू दिसतं. तिथल्या राखेच्या थरांत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. म्हणजे इथले मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांनी हा उद्रेक डोळ्यांनी पाहिला, आणि राख पडत असतानाच्या त्या काळात ते तिथे चालत होते. त्यांच्याकडून रांगिटोटो १८५४ मध्ये इंग्रज सरकारने १५ पौंडांना विकत घेतलं. १९२० आणि ३० च्या दशकांत ऑकलंडकरांनी इथे सुट्टीसाठी छोटी लाकडी घरं बांधली. त्यांना तिथे बॅच म्हणतात. कैद्यांकडून रस्ते करवून घेतले तेही याच काळात. १९३७ मध्ये नव्या घरांवर बंदी आली आणि आता मोजकीच उरली आहेत. झऱ्याचा पत्ता नसल्याने त्यांच्या छपरांवरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवलं जाई.

उतरताना गाइडची नजर झाडीच्या मधून दिसणाऱ्या पाण्यावर असते. समुद्रावर पांढरे तुरे उठायला लागले आहेत का, हे तो उंचावरून पाहून घेतो. खाली गेल्यावर ते नीट दिसत नाहीत. तुरे दिसले की तो उरलेला वेळ कापतो, लाव्हाच्या गुहांचा फेरा रद्द करतो आणि सगळ्यांना धक्क्याकडे पिटाळतो. परतीच्या वाटेवर जमावाची गती सर्वांत दमलेल्या जोडीची असते, म्हणून तिला पुढे ठेवतात. जोरात असलेल्यांनी मागून यायचं, हा नियम नवख्यांना उलटा वाटतो, पण त्यामुळे कुणी मागे सुटत नाही.

अर्ध्या दिवसात एवढं उलगडतं, कारण बेट अजून कोवळं आहे. इथे पाऊस, नद्या आणि शेती यांनी खुणा पुसलेल्या नाहीत. दगड कुठून आला, माती का नाही आणि झाड तरी का आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वाटेवर मिळतात. सह्याद्रीच्या घाटात याच प्रश्नांसाठी भूशास्त्रज्ञाचं बोट धरावं लागतं. आणि कयाकने गेलं की बेटाचा पाया आधी भेटतो, माथा शेवटी. ज्या क्रमाने ते घडलं त्याच क्रमाने आपण ते पाहतो.

पुढच्या भागात भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिकू, आणि सुरुवात घरापासून करू. कोकणात कोष्टकाशिवाय भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी या आठवड्यात रोज हा हिशोब करून पाहावा आणि पाण्याशी ताडून घ्यावा. तो का जुळतो आणि ऑकलंडला तसाच लावला तर कुठे फसतो, ते पुढच्या आठवड्यात.