सायकल जुळवताना फटींचा हिशेब महत्त्वाचा

बेलपाडा (पनवेल) : सायन-पनवेल महामार्गालगतच्या बेलपाडा परिसरातून पहाटे खारघरच्या टेकडीकडे निघणारे सायकलस्वार आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांच्यापैकी हौशी मंडळी तयार सायकल घेण्याऐवजी फ्रेम, चाके आणि गिअर स्वतंत्रपणे आणून रोड बाइक स्वतः जुळवतात. मात्र प्रत्येक भाग उत्तम असला, तरी दोन भागांमधील मोकळी जागा चुकल्यास सारा खर्च वाया जातो. शिवाय उतारावर चाक किंवा साखळी अडकली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

टायरवरील आकडा फसवा

पहिली तपासणी टायरची. २८ मिमी छापलेला टायर रुंद रिमवर ३० मिमीपर्यंत फुगू शकतो. त्यामुळे हवा पूर्ण भरून व्हर्नियर कॅलिपरने त्याची रुंदी मोजावी. फ्रेम उत्पादकाने दिलेली मर्यादा अंतिम मानावी. ६ मिमीची अ‍ॅलन की फोर्कखालून, ब्रेकखालून आणि मागील दांड्यांमधून सहज सरकली, तर जागा पुरेशी समजावी. काही उत्पादक ४ मिमीही चालवून घेतात. पण पावसाळ्यात टायरला चिकटलेली रेती अरुंद फटीत कानसीसारखी फ्रेम घासते. कार्बन फ्रेमला हा धोका अधिक असतो.

मागील चाकाच्या हबची रुंदीही जुळायला हवी. रिम ब्रेकच्या रोड बाइकमध्ये ती बहुधा १३० मिमी, तर डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत १४२ मिमी असते. कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ताणून चाक बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

दातांची बेरीज-वजाबाकी

क्रँक बसविल्यावर तो हाताने सावकाश फिरवून दातेरी चकती आणि क्रँकचा दांडा फ्रेमपासून दूर राहतो का, ते पाहावे. त्यानंतर साखळी सर्वांत लहान चक्रावर घ्यावी. ती फ्रेमला टेकता कामा नये. सर्वांत मोठ्या चक्रावर आल्यावर डिरेलर आऱ्यांना लागू नये.

डिरेलरची क्षमता खरेदीपूर्वीच काढता येते. पुढे ५० व ३४ आणि मागे ११ ते ३४ दाते असतील, तर पुढचा फरक १६ व मागचा २३, म्हणजे एकूण ३९ दात्यांची ढिली साखळी डिरेलरला सांभाळावी लागते. ३५ क्षमतेचा डिरेलर येथे अपुरा ठरतो. साखळीची लांबीही दोन्हीकडच्या मोठ्या चक्रांवरून मोजावी. ती आखूड पडल्यास गिअर बदलताना डिरेलर उखडला जाण्याची भीती असते.

खरी परीक्षा चढावर

स्टँडवर दिसणारी फट रस्त्यावर तेवढीच राहत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक उभे राहून पेडल मारतात, तेव्हा चाक आणि फ्रेम दोन्ही किंचित लवतात. घरी जुळविलेल्या सायकलवरही हाच ताण येतो. म्हणून प्रथम सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश फेरी मारावी. मग छोट्या चढावर जोर लावून पाहावे आणि परतल्यावर फ्रेमच्या आतील बाजूस घासल्याची रेघ उमटली आहे का, ते तपासावे. रेघ दिसल्यास अधिक अरुंद टायर लावणे हाच शहाणपणा. उतारावरचा वेग त्यानंतरच.