मोबाइल आणि जवळ बसणारे माणूस

आम्ही पाळ्या सांभाळून, उसन्या पुस्तकांवर शिकलो. अडलेले सांगणारे कोणी नव्हते. आज ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला, की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवर पाठाशी संबंधित साहित्य फुकट मिळते. ते उतरवून ठेवले तर इंटरनेटवाचूनही पाहता येते. परंतु घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर कामावर जातो, ही खरी अडचण. म्हणून तो घरी असताना अर्धा तास ठरवावा. चित्रफीत मध्येच थांबवावी, “काय समजले?” असे विचारावे, उदाहरण वहीत सोडवून घ्यावे. नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. हे विचारायला आईला अक्षरओळखही लागत नाही. जवळ बसावे मात्र लागते. आठ तासांच्या कामाची मागणी कामगारांनी कशासाठी केली होती? या अर्ध्या तासासाठीच!