मान आणि मान तुकविणे

फिलिपिन्स बेटांत वडील माणूस भेटला की धाकटा ‘मानो पो’ म्हणतो, त्याचा हात हाती घेतो आणि वाकून आपल्या कपाळाला लावतो. वडील आशीर्वाद देतात. ‘मानो’ हा शब्द स्पॅनिश, अर्थ, हात. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते, त्याची ही खूण. ‘पो’ मात्र तेथल्याच टागालोग भाषेतला, आपल्या ‘जी’सारखा. वडिलांना ‘होय’ म्हणावयाचे तर ‘ओपो’. वडील एकटे असले तरी त्यांना ‘इकाव’ म्हणजे ‘तू’ नव्हे, ‘कायो’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणावयाचे. थोरला भाऊ ‘कुया’, थोरली बहीण ‘आते’. हे शब्द चिनी बोलीतून आले. आपण अनोळखी माणसाला ‘दादा’ म्हणतो, तसे ते गाडी हाकणाऱ्यालाही ‘कुया’ म्हणतात.

आम्ही आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालविले. ‘साहेबापुढे बोलू नये’ हाच मान, असे आम्हांस लहानपणी शिकविले होते. म्हणून आम्ही विचारतो, मान देणे म्हणजे मान तुकविणे काय?

टागालोग भाषेत उत्तर आहे. तेथे नकार द्यावयाचा झाला तर ‘हिंदी पो’ म्हणतात. ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. नकार पुरा, आणि मानही शाबूत!

भाषेने सोय केली आहे. मात्र तो शब्द उच्चारण्याचे धैर्य धाकट्याने आणावयाचे, आणि तो ऐकून घेण्याचे मोठेपण वडिलांनी दाखवावयाचे.