उसातली साखर जाते कुठे?

सभासद बंधु-भगिनींनो,

गट ऑफिसात दर हंगामात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ऊस तोच, खत तेच, मग उतारा का घसरतो?" याचे उत्तर थोड्या रसायनशास्त्रात आहे. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

सजीवांचे शरीर मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन या चार मूलद्रव्यांचे बनते. साखर यातल्या पहिल्या तिघांचीच. कार्बन हवेतून येतो, हायड्रोजन पाण्यातून, आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर हिरवे पान त्यांची जुळणी करते. नत्र, स्फुरद, पालाश यांचा कणही साखरेत नसतो. खताने पीक सशक्त होते. साखर तयार करते ते पान.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. जोडी जुवाला असेल तरच नांगर चालतो, तसेच ही जोडी शाबूत असेल तरच पॅनमध्ये दाणा धरतो.

आता खरी गोम. तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू राहतो व त्यात साखर खर्ची पडते. शिवाय उसातच इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, ते ही जोडी फोडते. प्रत्येक जोडी फुटताना पाण्याचा एक रेणू त्यात मिसळतो, म्हणून 100 किलो साखरेचे सुमारे 105 किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. रस चाखला तर गोडच लागतो, पण त्याचा दाणा होत नाही. तो माल मळीत जातो. गुऱ्हाळावरच्या जुन्या गुळव्यांना हे पक्के ठाऊक होते. शिळ्या उसाची ढेप बसत नाही, पाघळते.

एका हंगामात एका सभासदाचा तोडलेला ऊस तीन दिवस बांधावर उन्हात पडला. चूक त्यांची नव्हती. टोळी दिली, पण वाहन मी वेळेवर देऊ शकलो नाही. काट्यावर वजन घटले ते त्यांचे नुकसान. साखर घटली ते सर्वांचे, कारण एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते.

म्हणून एवढे करा. वाहन नक्की झाल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नका. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहा. थांबावेच लागले तर मोळ्या पाचटाखाली झाका. ऊन वाढले की जोडी लवकर फुटते. तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटवू नका. जळलेल्या उसाची साल तडकते, आत जंतू शिरतात आणि साखर खातात.

वाहन वेळेवर देणे हे आमच्या शेतकी खात्याचे काम. त्यात कसूर झाली तर गट ऑफिसात येऊन मला हक्काने जाब विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी